कोरड्या नदीत बुडालेला माणूस

१

पाइपलाइनवर गस्त घालणाऱ्या माणसाला वाटलं, कुणीतरी सावलीला आडवं झालंय. सकाळची वेळ होती. काठावरच्या झाडाची मुळं पात्रात उघडी पडली होती आणि त्या मुळांत एक माणूस पालथा पडला होता. त्याने दोन हाका मारल्या. मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला आणि ओरडत वर पळत सुटला.

डॉक्टरांनी प्रेत तपासलं, चष्मा पुसला आणि पुन्हा तपासलं.

"बुडून मेलाय," ते म्हणाले. "छातीत पाणी आहे."

"कुठे बुडाला?" फौजदारांनी विचारलं.

धरणाखालच्या त्या नदीत गेल्या दुष्काळापासून पाणी सोडलेलंच नव्हतं. धरणात जे काही उरलं होतं त्याचे दोन वाटे ठरले होते. एक वाटा नळाने शहराला प्यायला जायचा. दुसरा बोगद्यातून डोंगरापलीकडे जाऊन विजेची यंत्रं फिरवायचा. नदीच्या वाट्याला काही नव्हतं. वाळू, गोटे आणि एका वळणावर गुडघाभर उरलेला एकच डोह, एवढीच आता नदी होती.

मेलेला माणूस त्याच डोहाशी झोपडी बांधून राहायचा. पूर्वी तो कॉलेजात शिकवायचा. मग नोकरी सोडून नदीचाच अभ्यास करत बसला. नदीला पाणी सोडा म्हणून तो सगळ्यांशी भांडला होता. शहरात त्याला नदीवेडा म्हणत आणि नळाला पाणी आलं नाही की शिव्याही त्यालाच पडत.

त्या नदीवेड्याला शेवटी नदीनेच नेलं होतं. पण नदी आली कुठून?

२

हे शोधायला धरण सुरक्षा खात्याने ज्या बाईंना पाठवलं त्यांना खात्यात सगळे शंकाबाई म्हणत. शंकेला औषध नाही ही म्हण आपल्यावरूनच पडली असावी, असं त्या स्वतःच सांगत. निवृत्ती जवळ आली होती. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांना कुठेही पाठवणं सोपं होतं, आणि खात्याला ते ठाऊक होतं.

धरणाची वसाहत शेकडो कुटुंबांसाठी बांधलेली होती. आता बहुतेक घरांना कुलपं होती. शाळेच्या फळ्यावर कुणीतरी काढलेलं फूल तसंच राहून गेलं होतं. विश्रामगृहात बारा खुर्च्यांच्या टेबलावर शंकाबाई एकट्याच जेवल्या. पाणी वाढायला आलेला खानसामा म्हणाला, "तो माणूस बुडाला त्या संध्याकाळनंतर वीज तरी गेलेली नाही. त्या दिवशी दिवेलागणीलाच गेली होती, यंत्र बिघडलं म्हणून. पार शहरभर अंधार."

दुसऱ्या दिवशी त्या आधी डॉक्टरांकडे गेल्या.

"कानात, केसांत, नखांत काळा गाळ होता," डॉक्टर म्हणाले. "सडक्या अंड्यासारखा वास. पँट मात्र गुडघ्यापर्यंत नीट दुमडलेली. पायांत काही नव्हतं."

"त्या संध्याकाळी तुमचाही दवाखाना अंधारात होता?"

"जनरेटर होता ना. डिझेल संपलेलं होतं खरं, पण नशिबाने दुपारीच धरणावरच्या वीजसाहेबांचा फोन आला, जनरेटर तयार आहे ना म्हणून. तेव्हा लक्षात आलं. नाहीतर आमचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते."

शंकाबाईंनी मान हलवली आणि त्या नदीकडे निघाल्या.

पात्रातले गोटे काळ्या पापुद्र्याने माखलेले होते. ऊन लागून पापुद्रा तडकत होता. डोहात मात्र आता कमरेइतकं पाणी होतं आणि त्यात करंगळीएवढे मासे हलत होते. डोहाच्या काठावर, चांगल्या उंच खडकावर, बुटांचा जोड ठेवलेला होता. मोजे घडी करून बुटांत कोंबलेले. त्या बुटांकडे कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं.

त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग पात्रातून धरणाच्या दिशेने चालू लागल्या. बरंच वर, वळणापलीकडे, एका काटेरी झुडपात चिखलाने माखलेली कापडी टोपी अडकली होती. आत शाईने कॉलेजचं नाव लिहिलेलं होतं.

पाणी वस्तू खाली नेतं. वर आणत नाही. म्हणजे बूट काढल्यावर हा माणूस चालत धरणाकडे निघाला होता.

अनवाणी, पँट दुमडून, कोरड्या नदीतून? "अगं बाई," शंकाबाई स्वतःशीच पुटपुटल्या, "याला माहीत होतं की पाणी येणार आहे!"

३

शहराच्या पाणीपुरवठ्याचे प्रमुख लोकांत थेंबसाहेब म्हणून प्रसिद्ध होते, कारण त्यांचं प्रत्येक भाषण थेंब या शब्दाने सुरू व्हायचं. त्यांच्या कचेरीतला नळ मात्र गळत होता आणि त्याखाली बादली लावलेली होती.

"माणूस गेला, वाईट झालं," ते म्हणाले. "पण खरं सांगू का? डोक्याला ताप होता. नदीला पाणी द्या म्हणे! आमच्याकडे आठवड्यातून एकदा नळ येतो. बायका हंडे घेऊन माझ्या दारात बसतात. नदी येते का कधी मोर्चा घेऊन?"

"तुमची मुख्य पाइपलाइन नदीच्या पात्रातूनच जाते ना?"

थेंबसाहेबांचा चेहरा उतरला. "जाते. पण फुटलेली नाही. लोक म्हणतात आम्ही रातोरात सांधली आणि झाकून ठेवलं. शपथेवर सांगतो, नाही."

"प्यायला पाणी देता का जरा?"

ते गोंधळले, पण त्यांनी गळणाऱ्या नळाचाच पेला भरून पुढे केला. शंकाबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. पाणी नितळ होतं. त्यांनी वास घेतला आणि सगळा पेला पिऊन टाकला.

"तुमची सुटका झाली, साहेब. तुमचं पाणी गाळून येतं. त्याच्या कानात गाळ होता."

"मग ते आलं कुठून?"

"असा काळा, वास मारणारा गाळ एकाच ठिकाणी असतो. धरणाच्या तळाशी." त्यांनी पेला खाली ठेवला. "कुणीतरी तळाचं दार उघडलं."

"अशक्य!" थेंबसाहेब उठून उभे राहिले. "ते दार हललं तरी भोंगा वाजतो. दोन कोसांवर ऐकू जातो. आणि त्या दिवशी भोंगा वाजला नाही, बाई. कुणालाही विचारा."

४

धरणाच्या पोटात एक लांबलचक बोळ आहे. बाहेर चटके बसत होते आणि आत शाल घ्यावी असा गारवा होता. धरणाची दारं सांभाळणारा गेटमन पुढे बॅटरी घेऊन चालला होता. पाठीत किंचित वाकलेला, मोजकं बोलणारा माणूस.

"दाराला मोटर आहे," तो म्हणाला. "मोटर सुरू झाली की भोंगा आपोआप वाजतो. लोकांनी पात्रातून बाजूला व्हावं म्हणून."

"आणि मोटर न लावता?"

त्याने बॅटरी एका मोठ्या लोखंडी चाकावर धरली. "हाताने फिरवता येतं. पण घाम निघतो."

शंकाबाई चाकाशी वाकल्या. चाकाच्या दांड्याचे आटे वर गंजलेले होते. खाली मात्र वीतभर पट्टा घासून चकचकीत झालेला होता.

"हे फिरलंय," त्या म्हणाल्या.

गेटमनने बॅटरी खाली केली. "मी पाहिलं होतं, बाई. बोललो नाही. चाक फिरलं म्हटल्यावर पहिलं बोट कुणाकडे जाणार?"

"किल्ली?"

"एक माझ्याकडे. एक वर नियंत्रण कक्षात खिळ्याला. तिथे धरण, पाणी, वीज अशा तिन्ही कचेऱ्यांची माणसं येतात-जातात."

"तुम्ही उघडलं?"

तो कडवट हसला. "मी उघडलं असतं ना, तर आधी खाली जाऊन त्याला बखोटीला धरून वर काढलं असतं. दाराच्या तोंडाशी गाळ साचून घट्ट बसलाय. अशा वेळी दार उघडलं की आधी काहीच येत नाही. माणसाला वाटतं, कमी उघडलं. तो आणखी उघडतो. आणि मग तो गाळाचा गोळा सुटतो आणि सगळं एकदम येतं. भिंतच येते पाण्याची."

म्हणून नदीवेडा वर चालत गेला होता. ठरलेलं पाणी येईना, तेव्हा का येत नाही ते बघायला.

आणि इकडे कुणीतरी चाक आणखी फिरवत होतं. कुणीतरी, ज्याला त्या गाळाची कल्पना नव्हती.

"बाई," मागून गेटमन म्हणाला, "एक माहीत आहे का तुम्हाला? आमचे वीजसाहेब त्या नदीवेड्याचे सख्खे थोरले भाऊ."

५

वीजसाहेबांच्या शर्टाला इस्त्री होती आणि डोळे सुजलेले होते. ते नियंत्रण कक्षात बसले होते; बोगद्याचं दार इथूनच चालायचं. समोरच्या भिंतीवर शहराचे दिवे दाखवणारा मोठा फळा होता.

"आमचं बोलणं नव्हतं," ते म्हणाले. "सात वर्षं. बोगद्याविरुद्ध त्याने कोर्टात अर्ज केला तेव्हापासून. लोक म्हणत असतील, भावानेच काटा काढला. म्हणोत. पण माझं पाणी नदीत जातच नाही. ते डोंगराच्या पलीकडे जातं."

"त्या संध्याकाळी यंत्र बिघडलं होतं ना?"

"हो. किरकोळ बिघाड."

त्यांनी फळ्यावरची नजर काढली नाही.

घरी त्यांची पत्नी भेटली. तिने शंकाबाईंना आत बोलावलं, पाणी दिलं आणि समोर जमिनीवरच बसली.

"भावजींना मी डबा पाठवायची," ती म्हणाली. "ह्यांना माहीत नव्हतं. म्हणजे असेल, पण विचारलं नाही कधी. दोन भाऊ, एका हाकेच्या अंतरावर, आणि तोंड बघायचे नाहीत. मधे मी. भावजींना मासे कळायचे, झाडं कळायची. माणसांशी बोलायचं म्हटलं की घाबरायचे, आणि घाबरले की भांडायचे."

"मग इतक्यात भेटले होते का दोघे?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"जायच्या आधी थोडे दिवस, ते दारात आले होते. मला इतका आनंद झाला! चहा टाकायला आत पळाले. बाहेर येऊन बघते तर गेलेले. म्हटलं, काय म्हणाले? हे म्हणाले, काही नाही." तिने डोळे पुसले. "त्या दिवशी दिवे गेले ना, तर अंधारात चाचपडत डबा भरला मी. तो ओट्यावरच राहिला."

शंकाबाई उठल्या. दारापाशी ती हळूच म्हणाली, "बाई, ज्याने केलं तो सापडला तर मला आधी सांगाल? मला त्याच्या तोंडावर विचारायचंय."

६

त्या दुपारी शंकाबाई धरणाच्या पाण्याच्या काठाकाठाने एकट्याच फिरल्या. पाणी रोज थोडं खाली सरकत होतं. उतरत्या चिखलावर रोजची एक रेघ उमटलेली होती, कपातला चहा आटत जावा तशी. त्यांनी खाली बसून त्या रेघांमधल्या पट्ट्या वितेने मोजल्या आणि चक्रावून गेल्या.

सगळ्या पट्ट्या सारख्याच रुंद होत्या.

माणूस बुडवण्याइतकं पाणी ज्या दिवशी गेलं, त्या दिवशीची पट्टी इतरांहून मोठी हवी होती. ती नव्हती. धरणातून रोजच्याइतकंच पाणी गेलं होतं, वर एक थेंब नाही. मग नदीत आलेलं पाणी काय आभाळातून पडलं?

त्या चिखलात बसून राहिल्या. लांब एक बगळा एका पायावर उभा होता. आणि मग त्यांना कळलं, की आपण प्रश्नच उलटा विचारतोय. त्या दिवशी जास्तीचं काय गेलं, असं नव्हे. त्या दिवशी रोजचं काय गेलं नाही?

विश्रामगृहात येऊन त्यांनी डोंगरापलीकडच्या वीजघरात फोन लावला. तिथला मेकॅनिक खडखडीत आवाजाचा होता.

"बिघाड? कसला बिघाड, मॅडम? यंत्र ठणठणीत होतं. पाणीच आलं नाही. तिकडून बोगद्याचं दार बंद केलं होतं."

शंकाबाईंनी फोन ठेवला. आता त्यांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. दिवेलागणीला होणाऱ्या बिघाडाची दुपारीच कुणाला कल्पना असते?

ज्याने तो करायचं ठरवलेलं असतं, त्याला.

७

वीजसाहेब धरणाच्या माथ्यावर कठड्याला टेकून उभे होते. एका बाजूला आटलेला जलाशय, दुसऱ्या बाजूला खोल कोरडं पात्र.

"त्याने बूट काढून ठेवले होते," शंकाबाई म्हणाल्या. "म्हणजे पाणी येणार हे त्याला ठाऊक होतं. त्याला ते सांगणारा शत्रू नव्हता. गेटमनला गाळाची कल्पना होती, त्याने असं उघडलं नसतं. थेंबसाहेबांनी त्याला पेलाभर पाणी दिलं नसतं. आणि शहराच्या वाट्यातलं पाणी गेलेलंच नाही. गेलं ते विजेच्या वाट्याचं. ते थांबवणं एकाच माणसाच्या हातात होतं, आणि त्या माणसाने थांबवण्याआधी दवाखान्याची काळजी घेतली होती."

वीजसाहेब पात्राच्या बाजूला वळले.

"सात वर्षं तो माझ्याशी भांडला," ते म्हणाले. "अर्ज, आकडे, वर्तमानपत्रं. मला त्याचं उत्तर देता यायचं. शहराला दिवे लागतात, मुलं अभ्यास करतात, दवाखाने चालतात, तू माशांचं काय घेऊन बसलास? त्या दिवशी तो आला आणि भांडलाच नाही. पायरीवर बसला. म्हणाला, दादा, डोह चार दिवसांत आटेल. त्यातले मासे दुसरीकडे कुठेच नाहीत. मला एक संध्याकाळ दे. फक्त एक."

"आणि तुम्ही दिलीत."

"शहराचं प्यायचं पाणी मी त्याला देणार नव्हतो. माझ्या विजेचं दिलं. घोटाभर पाणी येईल, म्हटलं होतं त्याला. तो हसला. म्हणाला, मग मी पाय सोडून बसतो." त्यांनी कठडा घट्ट धरला. "मी चाक फिरवलं. वर येऊन बघितलं, पात्र कोरडंच. त्याला वाटेल मी फसवलं. पुन्हा खाली गेलो. आणखी फिरवलं. मग आवाज झाला. धरण हादरल्यासारखा. मी जिवाच्या आकांताने उलटं फिरवत सुटलो, पण हाताने ते किती वेळ लागतं! वर आलो तर खाली काळोखात पाणी वाहत होतं. बाई, मला आनंद झाला. मला वाटलं, तो काठावर असेल. नाचत असेल."

"भोंगा वाजवला असतात तर—"

"चोरून दिलेल्या पाण्याचा भोंगा कसा वाजवणार?"

खाली पात्रात वारा धूळ उडवत होता.

"सकाळी कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लोक म्हणाले असते, नदीवेड्याने शहराचा उजेड चोरला आणि देवाने शिक्षा दिली. निदान मेल्यावर तरी त्याला कुणी शिव्या देऊ नयेत असं वाटलं." ते थांबले. "आणि भित्रा आहे मी. तेही आहे."

"मी अहवाल देणारच," शंकाबाई म्हणाल्या. "त्याआधी घरी जा. तुमच्या बायकोला माझ्याकडून कळता कामा नये."

त्या घरापासून थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. वीजसाहेब आत गेले. रडण्याचा, ओरडण्याचा काहीतरी आवाज येईल असं त्यांना वाटत होतं. काहीच आलं नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि दार आतून लागलं.

८

वीजसाहेबांची नोकरी गेली. ओस पडलेल्या वसाहतीतलं घर मात्र कुणी परत मागितलं नाही. खटला चालला. हलगर्जीपणाची शिक्षा झाली आणि ती त्यांनी अपील न करता भोगली.

अहवालाच्या शेवटी शंकाबाईंनी एक शिफारस केली होती. तळाच्या दाराशी गाळ साचू देणं धरणाला धोक्याचं आहे. म्हणून दरवर्षी भोंगा वाजवून, पात्र मोकळं करून, ते दार उघडलंच पाहिजे. सुरक्षेचा प्रश्न म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता येईना. थेंबसाहेबांनी बैठकीत कपाळावर हात मारून घेतला आणि सही केली. सगळ्या अर्जांनी जे सात वर्षांत झालं नाही, ते असं झालं. त्यासाठी शहराला दरवर्षी एक संध्याकाळ अंधारात काढावी लागते. लोक कुरकुरतात, मेणबत्त्या आणून ठेवतात.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी शंकाबाई एकदा तिथे आल्या. खात्याने पाठवलं नव्हतं. का आलो हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. पाणी सोडून आठवडा झाला होता. डोह भरलेला होता आणि खाली लांबवर ओल दिसत होती.

झोपडीच्या ओसरीत वीजसाहेब बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. डोहात पट्टी रोवून ते रोज पाणी मोजत.

"इथेच राहता?"

"तुरुंगातून सुटल्यावर घरी गेलो होतो. तिने जेवायला वाढलं. पण बोलली नाही. ती बोलत नाही, बाई. डबा मात्र पाठवते." त्यांनी दुसरी चटई अंथरली. "बसा ना. बोलायला माणूस मिळत नाही इथे."

दोघं बसून राहिले. ऊन उतरलं. बोलायचं असं फारसं काही निघालं नाही.

"एकटं वाटत नाही?" शंकाबाईंनी विचारलं.

"वाटतं." मग वीजसाहेबांनी समोर बोट दाखवलं. नदीपलीकडे, चढावरच्या काळोख्या वसाहतीत, नेमका तेवढ्यात एक दिवा लागला.

"आमचं घर," ते म्हणाले. "झोपडीच्या या कोपऱ्यात बसलं की सरळ दिसतं. दुसरं काहीच दिसत नाही, तेवढंच दिसतं. मी सात वर्षं त्या दिव्याखाली बसून जेवलो, आणि तो रोज इथे बसून बघत असणार. मला कधी कळलंच नाही, की तिथून इथे काही दिसत नसलं तरी इथून तिथलं दिसतं."

पलीकडचा दिवा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेला.

"आता ती स्वयंपाकघरात गेली," वीजसाहेब म्हणाले, आणि बघत राहिले.